महाविद्यालयीन परीक्षेतील सवलती आणि दिव्यांगत्वाची कागदपत्रे

दिव्यांगत्वाचा दाखला हाती असूनही ऐन परीक्षेत लेखनिक किंवा वाढीव वेळ मिळाला नाही, अशा तक्रारी दरवर्षी ऐकू येतात. विद्यार्थी म्हणतो, दाखला सरकारी आहे, मग अडचण कसली? महाविद्यालयाचे कार्यालय म्हणते, दाखला खरा आहे, परंतु या विद्यार्थ्यास लिहिता येत नाही असे त्यात कोठे म्हटले आहे? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते, आणि दोघांच्या मध्ये परीक्षा निघून जाते. या घोटाळ्याचे मूळ असे की, विद्यार्थ्याला दिव्यांगत्व आहे हे सिद्ध करणे आणि त्या दिव्यांगत्वामुळे परीक्षेत नेमके काय अडते हे सिद्ध करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी एक कागद लागतो, दुसरीसाठी पुष्कळदा दुसरा. हा दुसरा कागद वेळेवर मिळवला तर बरेचसे अनर्थ टळू शकतात.

पहिला कागद : दिव्यांगत्वाचा दाखला

यासंबंधीचा प्रचलित कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या १९९५ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे केवळ सात प्रकार धरले होते. नव्या अधिनियमाच्या अनुसूचीत ते एकवीस झाले. महाविद्यालयीन शिक्षणाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची भर म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता, अर्थात बुद्धी शाबूत असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत येणारी जन्मजात अडचण. स्वमग्नता, स्नायूंचा क्षय, सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन यांचाही समावेश झाला. खेड्यापाड्यांत आजही ‘अपंग’ म्हटले म्हणजे कुबडीच डोळ्यांसमोर येते. कुबडी न वापरणारा, धडधाकट दिसणारा विद्यार्थी कायद्याने दिव्यांग असू शकतो, हे गावातील लोकांनीच नव्हे तर शिक्षकांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे.

वैद्यकीय प्राधिकारी तपासणी करून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवतात. ही टक्केवारी शरीराच्या किंवा इंद्रियाच्या हानीचे माप असते. उदाहरणार्थ, दोन्ही कानांनी बोलण्याच्या पट्टीतील आवाज ६० ते ७० डेसिबलपर्यंतची हानी झाल्यामुळे ऐकू येत नसतील, तर ती व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत ‘श्रवणऱ्हास असलेली’ ठरते. ७० डेसिबलच्या पुढे ती ‘कर्णबधिर’ ठरते. एका डोळ्याची दृष्टी पूर्णपणे गेलेली आणि दुसरा डोळा निर्दोष असलेली व्यक्ती ३० टक्के दिव्यांग धरली जाते. ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्वास अधिनियमात विशेष स्थान आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान पाच टक्के राखीव जागा आणि प्रवेशाच्या कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट हे लाभ या मर्यादेवरील विद्यार्थ्यांसाठीच आहेत.

येथेच गैरसमजाची सुरुवात होते. राखीव जागेसाठी असलेली ४० टक्क्यांची अट परीक्षेतील सोयींनाही तशीच लागू आहे, असे अनेक कार्यालयांत धरून चालतात. वस्तुस्थिती तशी नाही. त्याचे विवेचन पुढे येईलच.

अर्ज कोठे व कसा करावा

१ जून २०२१ पासून हे दाखले केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळामार्फतच देणे सर्व राज्यांस बंधनकारक झाले आहे. दाखल्याबरोबर विद्यार्थ्यास एक ओळखक्रमांक व ओळखपत्र मिळते. तेच ‘युडीआयडी कार्ड’ या नावाने सर्वांच्या तोंडी आहे. अर्जास राहण्याचा पुरावा, अलीकडची छायाचित्रे आणि आधार क्रमांक लागतो. त्यांशिवाय जुने उपचारांचे कागद, शस्त्रक्रियेचे अहवाल, चष्म्याचे नंबर, ऑडिओमेट्रीचे तक्ते जे काही घरात असेल ते सर्व तपासणीस न्यावे. ट्रंकेच्या तळाशी गेलेला दहा वर्षांपूर्वीचा केसपेपर कधी कधी नव्या तपासणीपेक्षा अधिक बोलतो, कारण अडचण आजची नसून दीर्घकालीन आहे हे त्यावरून कळते.

अर्ज सामान्यतः राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. परंतु नियमांत आणखी एक मार्ग ठेवलेला आहे. ज्या अधिसूचित शासकीय रुग्णालयात विद्यार्थ्यावर उपचार झाले किंवा चालू आहेत, तेथेही अर्ज करता येतो. सीमाभागातील कुटुंबांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे. घर एका राज्यात आणि उपचार दुसऱ्या राज्यात, ही तेथे नवलाची बाब नाही. शिवाय अधिनियमाच्या कलम ५८ अन्वये दिलेला दाखला संपूर्ण देशात ग्राह्य आहे. बेळगाव जिल्ह्यात मिळालेला दाखला पणजीच्या किंवा कोल्हापूरच्या महाविद्यालयाने ‘परराज्यातील’ म्हणून परत करणे कायद्यास धरून नाही.

मात्र सीमाभागात व मराठी भाषकांच्या इतर जुन्या वस्त्यांत एक वेगळीच अडचण संभवते, आणि ती वैद्यकीय नाही. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठी वळणाचे, म्हणजे आडनाव आधी. शिधापत्रिकेवर स्थानिक भाषेच्या वळणाचे. आधारवर वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर. अशा तीन कागदांवर तीन नावे असली, तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागास ती तीन निरनिराळी माणसे वाटतात. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरील नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरील नावाशी अक्षरशः जुळेल अशी दक्षता अर्ज भरतानाच घ्यावी. नंतरची दुरुस्ती होते, परंतु तिच्यात महिने जातात.

मुदतीचा हिशेबही ठाऊक असावा. २०१७ च्या नियमांनुसार दाखला अर्जापासून एक महिन्याच्या आत द्यावयाचा होता. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन महिने करण्यात आली. म्हणजे मार्च महिन्यात परीक्षा असलेल्या विद्यार्थ्याने जानेवारीत अर्ज करणे हे उशिराच झाले. बारावीचा निकाल लागताच, महाविद्यालयातील प्रवेशाच्या धामधुमीतच हे काम हाती घेणे इष्ट.

याच दुरुस्तीने ओळखपत्रांचे रंगही ठरवून दिले. ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असल्यास पांढरे, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळे आणि ८० टक्क्यांपासून पुढे निळे. पांढरे ओळखपत्र अस्तित्वात आहे याचा अर्थच असा की, ४० टक्क्यांखालील व्यक्तीही शासनाच्या लेखी दिव्यांगच आहे.

दुसरा कागद : अडचणीचे स्वरूप सांगणारा

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्यातील एका गावची मुलगी कला शाखेच्या पहिल्या वर्षात शिकते. वर्गात विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे ती तोंडी अचूक देते. तथापि, लिहावयास बसली की अक्षरे उलटसुलट होतात, ओळ सुटते, हात आखडतो, आणि तीन तासांत जेमतेम निम्मी उत्तरपत्रिका भरते. शाळेत ती ‘आळशी’ ठरली. घरात ‘अक्षर गिरव’ एवढाच उपदेश झाला. तिच्यापाशी विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा दाखला आहे. त्यावर रोगाचे नाव आहे, टक्केवारी आहे. परंतु ती एका तासात किती लिहू शकते, तिला लेखनिक हवा की केवळ जादा वेळ पुरेल, हे त्या दाखल्यावर नाही. ते सांगण्यासाठी तो दाखला निघालेलाच नसतो.

केंद्र शासनाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसंबंधी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हा भेद स्पष्टपणे केलेला होता. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणे आणि मेंदूचा पक्षाघात या तीन प्रकारांत विद्यार्थ्याने मागणी करताच लेखनिक द्यावा, असे त्यात म्हटले होते. इतर प्रकारांत मात्र विद्यार्थ्याला लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे आणि त्याच्या वतीने लिहिणारी व्यक्ती आवश्यक आहे, असे जिल्हा शल्यचिकित्सक, मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र मागितले होते. हाच तो दुसरा कागद. खानापूरच्या त्या मुलीजवळ तो नसेल, तर कार्यालयाने विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहतो.

हे प्रमाणपत्र घेण्यास जाताना विद्यार्थ्याने आपल्या लिखाणाचे नमुने न्यावेत. एखाद्या चाचणीची अर्धवट राहिलेली उत्तरपत्रिका, वर्गातील वही, आणि शक्य असल्यास शिक्षकाचे चार ओळींचे पत्र. शिक्षकाच्या पत्राचे मोल येथे फार आहे. डॉक्टर विद्यार्थ्यास अर्धा तास पाहतात, शिक्षक वर्षभर पाहतो. ‘विद्यार्थिनी हुशार आहे, सहानुभूतीने विचार व्हावा’ अशा पत्राचा काही उपयोग होत नाही. ‘तोंडी परीक्षेत दहापैकी आठ प्रश्नांची उत्तरे दिली, तेच प्रश्न लेखी दिले असता तासाभरात तीनच उत्तरे लिहून झाली’ असे लिहिणारा शिक्षक त्या मुलीचे वर्ष वाचवू शकतो.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत वयाचाही प्रश्न येतो. २०१८ च्या मूल्यमापन सूचनांत असे होते की, आठ वर्षे पूर्ण झाल्यावर दाखला द्यावा, चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी, आणि अठराव्या वर्षी मिळालेला दाखला आजन्म ग्राह्य धरावा. मूल्यमापनाच्या सुधारित सूचना मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पहिल्या वर्षात प्रवेश घेणारा विद्यार्थी नेमका या वयाच्या उंबरठ्यावर असतो. म्हणून शाळेत असताना काढलेल्या दाखल्याची मुदत संपली आहे काय, हे प्रवेशाच्या वेळीच पाहावे. तपासणीच्या भाषेकडेही दुर्लक्ष होऊ नये. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाची वाचन-लेखनाची चाचणी त्याला नीट न येणाऱ्या भाषेत झाली, तर निष्पन्न काय होईल हे सांगावयास नको. शिक्षणाचे माध्यम मराठी आहे, ही गोष्ट पालकांनी तपासणाऱ्यांच्या निदर्शनास आणून द्यावी व तशी नोंद करवून घ्यावी.

चाळीस टक्क्यांची अट आणि न्यायालयाचा निर्णय

४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांस लेखनिक मिळू शकत नाही, ही समजूत दीर्घ काळ रूढ होती. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी ती दूर केली. अर्जदारास लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या मर्यादेत बसत नसल्याच्या कारणावरून लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने सांगितले की, ४० टक्क्यांची अट राखीव जागांसारख्या लाभांकरिता आहे; वाजवी सोयी मिळण्याचा हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा आहे. या निर्णयानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने ४० टक्क्यांखालील परंतु लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र सूचना काढल्या आणि त्यांची तपासणी अनेक तज्ज्ञांच्या मंडळाने करावी असे ठरवले. बँकांतील भरती परीक्षेसंबंधीच्या एका प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले की, परीक्षेतील सोयी देताना ४० टक्क्यांवरचे व खालचे असा भेद करू नये.

नियम कागदावर चांगले असले तरी परीक्षाकेंद्रावर ते ठाऊक असावे लागतात. २०२१ च्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत ४० टक्के लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीस नियमाने एक तास अधिक मिळावयास हवा होता. केंद्रावरील कर्मचाऱ्यांनी तो दिला नाही. इतरांबरोबरच तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही कृती अन्यायाची ठरवली, परंतु पुनर्परीक्षेचा आदेश दिला नाही. न्याय तिच्या बाजूने लागला, परंतु तो एक तास परत आला नाही. कागद वेळेवर पर्यवेक्षकाच्या हाती असणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून दिसते.

महाविद्यालयाकडे अर्ज

शालान्त मंडळाने दहावी-बारावीला सवलती दिल्या होत्या, म्हणजे विद्यापीठातही त्या आपोआप चालू राहतील, असे समजणे ही सर्रास होणारी चूक आहे. मंडळ निराळे, विद्यापीठ निराळे. मंडळाची मंजुरीपत्रे जपून ठेवावीत, त्यांच्या प्रती अर्जास जोडाव्यात. परंतु अर्ज नव्याने करावाच लागतो. तो प्राचार्यांमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे जातो. अर्जात ‘नियमाप्रमाणे सर्व सवलती मिळाव्यात’ असे मोघम न लिहिता हवे ते स्पष्ट लिहावे. कोणाला लेखनिक लागतो, कोणाला मोठ्या टंकातील प्रश्नपत्रिका, कोणाला संगणकावर उत्तर लिहिण्याची मुभा, कोणाला तळमजल्यावरील जागा, तर कर्णबधिर विद्यार्थ्यास कदाचित पर्यवेक्षकाच्या सूचना लेखी मिळाल्या तरी पुरते. प्रयोगशाळेतील साहाय्यक, व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण, पहिल्या रांगेतील जागा या वर्षभराच्या सोयी असून त्या परीक्षेपुरत्या नाहीत. त्यांसाठी प्रवेशानंतर लगेच मागणी करावी.

वाढीव वेळ तासाला किमान वीस मिनिटे असा आहे. दोन तासांच्या प्रश्नपत्रिकेस चाळीस मिनिटे, अडीच तासांच्या प्रश्नपत्रिकेस पन्नास मिनिटे, तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास. लेखनिकाचे शिक्षण किती असावे आणि तो विद्यार्थ्याने आणावयाचा की केंद्राने द्यावयाचा, यासंबंधीचे नियम मात्र २०१३ पासून वेळोवेळी बदलत आले आहेत. यास्तव गेल्या वर्षीच्या परिपत्रकावर विसंबून न राहता चालू सत्राचे परिपत्रक परीक्षा विभागाकडून मागून घ्यावे. लेखनिक व विद्यार्थी यांची परीक्षेपूर्वी भेट आणि थोडा सराव होणे अगत्याचे आहे. ‘ऱ्हस्व-दीर्घ’ किंवा समीकरणातील कंस कसे सांगावयाचे, हे दोघांनी आधी ठरवलेले नसले तर मिळालेला जादा तास त्यातच खर्ची पडतो.

कायद्याच्या कलम १७ मध्ये अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत फेरबदल करण्यास सांगितले असून दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचाही त्यात उल्लेख आहे. जेथे मातृभाषा, राज्यभाषा, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांचे ओझे मुलांवर असते, तेथे कर्णबधिर किंवा वाचन-अक्षमता असलेल्या मुलांस ही तरतूद मोठी दिलासा देणारी आहे. तथापि, ती आपल्या विद्यापीठाच्या नियमांत कशी उतरली आहे याची लेखी विचारणा करूनच पाऊल उचलावे.

दाखल्यावर ‘तात्पुरता’ असा शेरा असेल तर त्याची अंतिम तारीख पदवीच्या तीन वा चार वर्षांच्या आत येते काय, तेही पाहावे. आणि हाडाचे फ्रॅक्चर ही दिव्यांगत्वात मोडणारी गोष्ट नव्हे. त्यासाठी दिव्यांगत्वाच्या मंडळाकडे जाण्यात अर्थ नाही. तशी सोय ज्या विद्यापीठात आहे, तेथे वैद्यकीय प्रमाणपत्रासह परीक्षा विभागाकडेच जावे लागते.

घरातील अडसर

इतके सांगूनही काही घरांतून अर्ज होणारच नाही, हे मान्य केले पाहिजे. मुलीच्या नावावर दाखला निघाला तर लग्न जमण्यास अडचण येईल, ही भीती पालकांच्या मनात असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. या भीतीस हसण्यात अर्थ नाही, कारण समाज तसा वागतो. परंतु दाखला ही चावडीवर लावण्याची नोटीस नव्हे. तो कोणापुढे ठेवावयाचा, हे विद्यार्थ्याच्या हाती असते. महाविद्यालयानेही सवलत मिळालेल्या विद्यार्थ्यांची नावे सूचनाफलकावर लावू नयेत, वर्गात पुकारू नयेत. आसनव्यवस्थेची यादी केवळ पर्यवेक्षकाकडे असली की काम भागते.

उलट बाजूही आहे. खोट्या दाखल्यांमुळे कार्यालयांचा संशय वाढतो आणि त्याचा जाच खऱ्या विद्यार्थ्यांस होतो. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा कलम ९१ मध्ये सांगितल्या आहेत. संशय असल्यास ओळखक्रमांक पडताळून पाहावा. विद्यार्थ्यास ‘चालून दाखव’, ‘वाचून दाखव’ असे कार्यालयात सांगण्याचा अधिकार कोणासही नाही.

अर्ज नामंजूर झाल्यास

वैद्यकीय प्राधिकाऱ्याने दाखला नाकारला तर तो कारणांसह लेखी नाकारला पाहिजे. तोंडी नकार घेऊन घरी परतू नये. निर्णय मान्य नसेल तर कलम ५९ अन्वये राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे विहित मुदतीत अपील करता येते. महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने सोय नाकारली, तर प्रथम प्राचार्य व परीक्षा नियंत्रक यांस लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि तरीही निकाल न लागल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. तक्रारीस दिव्यांगत्वाचा दाखला, लिहिण्यातील अडचणीचे प्रमाणपत्र, महाविद्यालयास दिलेल्या अर्जाची पोच आणि नकाराचे पत्र अशा चार कागदांच्या प्रती जोडाव्यात; मूळ प्रती कोणाही कार्यालयात सोडून येऊ नयेत.